पाहुण्याचे डोळे

प्रवासवर्णन वाचताना आपण लेखकाला दोन प्रश्न विचारतो. त्याने काय पाहिले, आणि पाहिले ते त्याला कितपत उतरवता आले. आपल्याकडची प्रवासवर्णनांची परीक्षणे ह्या दोन प्रश्नांपाशी सुरू होतात आणि तिथेच संपतात. तिसरा एक प्रश्न आहे, तो सहसा कुणी काढत नाही: जे पाहिले ते पाहण्याचा त्याला हक्क होता काय? वाङ्मयाच्या टीकेत हा प्रश्न आणणे काहींना गैर वाटेल. नीतीचा प्रश्न नीतीच्या दारात आणि कलेचा कलेच्या, अशी वाटणी करून ठेवली की सर्वांचीच सोय होते. परंतु एक पुस्तक असे आहे, की त्याच्यापुढे ही वाटणी टिकत नाही.

पुस्तक जपानी आहे. तारो ओकामोतो ह्यांनी ओकिनावाच्या संस्कृतीवर लिहिलेले. १९६१ साली ते निघाले आणि त्याच वर्षी त्याला माइनिची वृत्तपत्राचा ग्रंथपुरस्कार मिळाला. ओकामोतो (१९११–१९९६) मूळचे चित्रकार. १९३० ते १९४० ही दहा वर्षे त्यांनी पॅरिसमध्ये काढली; तिथे चित्रे काढली, आणि मार्सेल मोस ह्या थोर मानववंशशास्त्रज्ञापाशी शिक्षणही घेतले. १९७० च्या ओसाकाच्या जागतिक प्रदर्शनातला 'सूर्याचा मनोरा' त्यांचाच. तेव्हा हा हौशी प्रवासी नव्हे. नजर तयार झालेला माणूस आहे, हे आधी ध्यानात घ्यावे.

१९५९ च्या अखेरीस ते ओकिनावाला गेले. ओकिनावा त्या वेळी अमेरिकेच्या अंमलाखाली होते. जपानकडे ते १९७२ मध्ये परत आले. १९४५ च्या लढाईने तिथली राजधानी, किल्ले, देवळे धुळीला मिळवली होती. कलावस्तू शोधायला गेलेल्या चित्रकाराला हाती लागण्यासारखे फारसे काही उरले नव्हते. मग ते कुदाका नावाच्या बेटावर गेले, आणि तिथे पुस्तकाचा प्राण त्यांना सापडला.

कुदाका हे ओकिनावाच्या मुख्य बेटापासून पूर्वेला सुमारे ५ किलोमीटरवरचे प्रवाळाच्या खडकाचे बेट. घेर ८ किलोमीटरांच्या आतबाहेर, उंची सर्वांत उंच जागी अवघी १७ मीटर. नदी नाही, डोंगर नाही. हिवाळा नावापुरता, दमट वारा आणि चहूकडे समुद्र. र्‍युक्यूच्या कथांप्रमाणे अमामिक्यू ही आदिदेवता इथेच उतरली आणि पाच धान्यांचा घट इथल्याच पूर्वेकडच्या किनाऱ्याला लागला. (घट आणि धान्य हे शब्द एकत्र ऐकले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे नवरात्र उभे राहील, पण हा घट समुद्रावरून आलेला.) र्‍युक्यूचे राजे इथे दर्शनाला येत, पुढे समोरच्या किनाऱ्यावरच्या सेफा उताकी ह्या पवित्र स्थळावरून बेटाकडे तोंड करून पूजा करीत. 'उताकी' म्हणजे देवाची राई. त्यात मूर्ती नसते, छप्पर नसते. पुरुषाने तिथे पाऊल टाकायचे नाही. पुरुष समुद्राचे आणि बायका देवाच्या, अशी बेटावरच्या कामांची विभागणी होती. जमीन गावाची, कुणा एकाची नव्हे. सातबारा घेऊन भांडायला जावे अशी सोयच नाही. १९८८ साली गावाने तसा लेखी नियमही करून ठेवला.

ह्या बेटावरच्या सर्वांत मोठ्या उताकीत ओकामोतो गेले. गावातल्याच माणसाने त्यांना नेले. कुबा नावाच्या, पंख्यासारख्या पानांच्या ताडांच्या आत एक मोकळी जागा. पाचोळा आणि चार दगड. बाकी काही नाही. आणि ह्या काही नसण्याने हा कलावंत मुळापासून हादरला. देवळे, शिल्पे, सोने, धूप ह्यांच्या ओझ्याखाली गुदमरलेल्या माणसाला वाटावे की देव इथेच उतरू शकेल, कारण इथे त्याच्या वाटेत काहीच ठेवलेले नाही, तसे त्यांना वाटले. पुस्तकातला हा भाग अव्वल दर्जाचा आहे. रिकाम्या जागेवर पानेच्या पाने लिहायची आणि ती जागा रिकामीच ठेवायची, हे सोपे काम नव्हे. दुसऱ्या एखाद्याने तिथे उपमांची रास घातली असती. हे पुस्तक मराठीत यावे ते एवढ्या भागासाठी तरी यावे.

पण पुस्तकाचे उपनाम पाहा: 'विसरलेला जपान'. इथे मला ठेच लागते. विसरले कोण? कुदाकाच्या बायका तर काहीच विसरल्या नव्हत्या. वर्षाचे सगळे सण त्या तिथीवार पाळत होत्या. विसर पडला होता तो तोकिओच्या माणसांना, आणि त्यांना आपले हरवलेले मूळ हवे होते. म्हणजे ज्या बेटाला १६०९ मध्ये सात्सुमाच्या सामंताने आणि १८७९ मध्ये जपानी सरकारने आपल्या हुकमतीखाली घेतले, ज्या प्रदेशाची १९४५ मध्ये राखरांगोळी झाली, त्याने आता आणखी एक काम करायचे: मोठ्या भावाची आठवण जपून ठेवायची. ओकामोतोंचा ओकिनावाविषयीचा जिव्हाळा खरा आहे, शंकाच नको. तरी त्या जिव्हाळ्यात बेट हे एक जतन केलेले बालपण होऊन बसते, आणि बालपणाला कुणी विचारीत नाही की बाबा रे, तुझे फोटो काढू का?

हा नुसता शब्दांचा कीस नाही. १९६६ साली ओकामोतो पुन्हा कुदाकाला गेले. निमित्त होते इझाइहोचे. दर बारा वर्षांनी, अश्ववर्षात, कार्तिक-मार्गशीर्षाच्या सुमारास पौर्णिमेला धरून हा विधी होई. बेटावर जन्मलेल्या, बेटावरच नांदणाऱ्या, ३० ते ४१ वर्षे वयाच्या बायका पांढरी वस्त्रे नेसून, केस मोकळे सोडून, जमिनीवर मांडलेल्या लहानशा पुलावरून धावत आत शिरत, राईतल्या झोपड्यांत रात्री काढीत आणि देवाच्या बायका होऊन बाहेर येत. चार दिवसांचा हा सोहळा. व्यभिचार केलेली बाई त्या पुलावरून पडते, अशी समजूत होती. पूल उंच नाही, खाली पाणी नाही; पण भीती खरी असे.

ह्याच भेटीत ओकामोतो बेटावरच्या, मृतांना उघड्या आकाशाखाली ठेवण्याच्या जागी गेले. तिथली छायाचित्रे त्यांनी घेतली आणि ती साप्ताहिकातून छापून आली. ज्यांची माणसे तिथे ठेवलेली होती त्यांच्या जिवाला हा घाव लागला, आणि तो घाव गाव पुढे पिढ्यान्‌पिढ्या विसरले नाही. ती जुनी चालही नंतर फार दिवस टिकली नाही.

ओकामोतोंचे चाहते म्हणतात, की तो माणसाच्या हातून घडलेला प्रमाद, पुस्तकाशी त्याचा संबंध नाही. मला हे पटत नाही. उताकीच्या रिकाम्या अंगणात ज्या भुकेने त्यांना उभे केले त्याच भुकेने त्यांना त्या हाडांपाशी नेले. मूळ पाहायचे, अगदी तळाशी जाऊन पाहायचे, मध्ये कुणाचा उंबरा आला तर तो ओलांडायचा. पहिल्या खेपेला उंबरा ओलांडून महान लेखन झाले आणि दुसऱ्या खेपेला एका घराची आई उघडी पडली. पाऊल एकच आहे.

आपल्या भाषेत ह्याहून वेगळ्या वाटा आहेत. पु. ल. देशपांड्यांच्या 'पूर्वरंग'मध्ये (१९६३) जपानही येतो. तिथे लेखक बहुतेक वेळा स्वतःच्याच फजितीला हसतो, आणि ते हसणे यजमानाला अभय देते. त्याची किंमत अशी, की खोल विहिरीत तो फारसा उतरत नाही. इरावती कर्वे पंढरीच्या वाटेवर चालल्या त्या वारकऱ्यांत मिसळून. परंतु एकाच दिंडीत जेवणाच्या पंगती जातीप्रमाणे वेगळ्या बसतात हे त्यांनी लपवले नाही. आपल्याच माणसांचे वैगुण्य सांगायचा हक्क त्यांनी पायी चालून मिळवला होता. ओकामोतोंपाशी पायांना द्यायला इतका वेळ नव्हता.

वेळ दिला तो यासुओ हिगा ह्यांनी. (१९३८–२०००.) ओकिनावाचा हा माणूस आधी पोलीस खात्यात होता, नोकरी सोडून छायाचित्रकार झाला. १९७५ पासून तो कुदाकाला जात राहिला, शंभराहून अधिक वेळा. १९७८ च्या इझाइहोची त्याची चित्रे पाहिली की कळते, बायकांना त्याच्या असण्याची सवय झाली आहे. कुणी कॅमेऱ्याकडे पाहत नाही, कुणी तोंडही फिरवीत नाही. हिगांच्या लेखनाला ओकामोतोंच्या वाक्याची वीज नाही. कोणत्या महिन्यात कोणता विधी, कोण कुठे बसते, काय शिजते, हे तो एखाद्या इमानी कारकुनासारखा लिहितो. मला हा कारकून अधिक विश्वासाचा वाटतो. गंमत अशी, की २००० साली निघालेल्या त्याच्या पुस्तकाच्या नावातही कुदाका हे 'जपानी माणसाच्या आत्म्याचे मूळ गाव'च आहे. तो मोह त्यालाही सुटला नाही, किंवा प्रकाशकाला सुटला नसेल.

१९७८ मध्ये त्या पुलावरून धावणाऱ्या नव्या बायका आठच होत्या. तोच शेवटचा इझाइहो. १९९० मध्ये योग्य वयाची, अटीत बसणारी बाई मिळेना आणि विधी चालवणारी मुख्य नोरो, म्हणजे पुजारीण, उरली नव्हती. २००२ आणि २०१४ ही अश्ववर्षेही तशीच सुनी गेली.

ह्याचे कारण शोधताना कॅमेऱ्याकडे बोट दाखवणे सोपे आहे. मी शाळामास्तर असल्यामुळे माझे लक्ष दुसरीकडे जाते. कुदाकावर प्राथमिक आणि माध्यमिक वर्गांची शाळा आहे. पुढच्या शिक्षणाला पंधराव्या वर्षी समुद्र ओलांडावा लागतो. गेलेली मुलगी तिकडेच नोकरी धरते, तिकडेच लग्न करते. आमच्या कोकणात शिमग्याला चाकरमानी परत येतो, पालखी खांद्यावर घेतो, आणि रंगपंचमी झाली की मुंबईची गाडी धरतो; मानकरी असा पाहुणा होऊनही टिकतो. इझाइहोत ही सवलत नव्हती. त्या बाईने गावातच जन्मावे, गावातच नांदावे, अशी अट. ओकामोतोंच्या आणि हिगांच्या दोघांच्याही पुस्तकांत देव आहेत, बायका आहेत, समुद्र आहे. दप्तर घेऊन धक्क्यावर उभी राहिलेली पोर मला हवी होती, तेवढी ती नाही. कादंबरीकाराला तिथून सुरुवात करावी लागली असती.

सण सगळेच बुडाले असे मात्र नाही. म्हाताऱ्या बायका जमतील तेवढे विधी करतात. समुद्रसर्प पकडून धुरावर वाळवण्याचे काम, जे एके काळी ठरावीक घराण्यांच्या हक्काचे होते, तेही बेटावर चालते. आणि ज्या उताकीत ओकामोतो उभे राहिले ती आता सर्वांनाच बंद आहे. पुरुषाला, बाईला, भाविकाला, पंडिताला. बेटावरचा दगड वा फांदी कुणी बरोबर न्यायची नाही, असेही पाहुण्यांना सांगितले जाते. आपल्या देवरायांतही वाळकी काटकी उचलायची नाही हा दंडक होता, वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ ह्यांनी १९७० च्या दशकात त्या राया हिंडून नोंदल्या. पुढे कित्येक ठिकाणी भक्तांनीच झाडे काढून फरशी घातली, सिमेंटचे शिखर चढवले, त्याला रंग दिला. आम्हाला रिकामी जागा बघवत नाही. कुदाकाच्या लोकांनी ती रिकामीच ठेवली आणि वाटेवर पाटी लावली.

ह्यामुळे साहित्याची एक अडचण झाली आहे. ओकामोतोंच्या पुस्तकातले सर्वोत्तम पान आता कुणाला पडताळून पाहता येणार नाही. ज्याला जायचे तो आझामा बंदरातून पंधरावीस मिनिटांत बेटावर उतरतो, सायकल भाड्याने घेतो, पांढऱ्या मातीच्या सरळ रस्त्याने उत्तरेला जातो, आणि कुबाच्या झाडांपाशी ती पाटी लागते. तिथे थांबून परत फिरलेल्या माणसाचे प्रवासवर्णन मला वाचायचे आहे.