थकवा, तापमापक आणि उपनगर : ब्रोडा बार्न्स यांच्या तापमान-चाचणीची चिकित्सा

अवटू म्हणजे थायरॉइड ग्रंथी आणि मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथी यांचे आरोग्य घरच्या तापमापकाने ओळखता येते, हा दावा गेली ऐंशीहून अधिक वर्षे टिकून आहे. प्रस्तुत लेखात या दाव्याचा मूळ ग्रंथ आणि त्यामागील मापनविचार यांची चिकित्सा करावयाची आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या माणसाच्या संदर्भात हा दावा कितपत उभा राहतो, हा प्रश्न तिच्या केंद्रस्थानी आहे. विषय वैद्यकाचा असला तरी वाद मुख्यतः मापनाच्या तर्कशास्त्राचा आहे. म्हणून अन्य विद्याशाखांतील अध्यापकांनाही तो परका वाटू नये.

अमेरिकन वैद्य ब्रोडा बार्न्स यांनी १९४२ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आपली पद्धत मांडली. पुढे १९७६ मध्ये लॉरेन्स गॅल्टन यांच्यासह त्यांनी ‘हायपोथायरॉइडिझम : दि अनसस्पेक्टेड इलनेस’ हा ग्रंथ लिहिला. कृती साधी आहे. सकाळी जाग येताच, अंथरुणातून न उठता, तापमापक दहा मिनिटे काखेत धरावा. पारा ९७.८ ते ९८.२ अंश फॅरनहाइट या मर्यादेत असेल तर अवटू निरोगी. त्याखाली असेल आणि थकवा, थंडी न सोसणे अशी लक्षणे असतील तर अवटूची मंदता समजावी.

बार्न्स यांना न्याय द्यावयाचा तर त्यांचा काळ ध्यानात घेतला पाहिजे. १९४२ मध्ये अवटूचे कार्य तपासण्याचे प्रमुख साधन म्हणजे चयापचयाचा मूलभूत वेग मोजणे. उपाशीपोटी, निश्चल पडलेल्या रुग्णाने किती प्राणवायू वापरला यावरून तो काढीत. रुग्ण जरा घाबरला तरी आकडा बिघडे. या चाचणीवरील बार्न्स यांची टीका रास्तच होती. परंतु नंतर सॉलोमन बर्सन आणि रोझलिन यॅलो यांच्या किरणोत्सारी प्रतिरक्षा-मापन पद्धतीने रक्तातील संप्रेरके अत्यल्प प्रमाणातही मोजता येऊ लागली. यॅलो यांना त्यासाठी १९७७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. बार्न्स यांचा ग्रंथ त्याच्या आदल्या वर्षीचा आहे. ज्या प्रतिपक्षावर त्यांनी विजय मिळविला होता तो तोवर मैदानातच उरला नव्हता. ग्रंथातील युक्तिवाद मात्र फारसा हललेला दिसत नाही.

ग्रंथाचा सर्वांत दुबळा भाग म्हणजे त्याची सीमारेषा. जर्मन वैद्य कार्ल वुंडरलिश यांनी १८६८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून ३७ अंश सेल्सिअस, म्हणजे ९८.६ अंश फॅरनहाइट, हा आकडा रूढ झाला. १९९२ मध्ये फिलिप मॅकोवियाक आणि सहकाऱ्यांनी १४८ निरोगी प्रौढांची तपासणी केली, तेव्हा तोंडातील सरासरी तापमान ९८.२ अंश भरले. काखेतील माप तोंडातील मापापेक्षा सामान्यतः अर्धा ते एक अंश फॅरनहाइट कमी असते. शिवाय पहाटे शरीराचे तापमान दिवसातील नीचांकाजवळ असते. हे दोन्ही वजा केले की बार्न्स यांच्या ९७.८ अंशांच्या रेषेखाली निरोगी माणसांचाच मोठा समूह येतो. सुमारे ४० टक्के अमेरिकनांना अवटूची मंदता आहे, हे त्यांचे अनुमान या प्रकाशात वाचावे. रेषा जेथे आखली तेथून तेवढी माणसे आजारी निघणारच होती. त्यात भर म्हणजे अमेरिकेतील शरीर-तापमान गेल्या दीड शतकात जन्माच्या दर दशकागणिक सुमारे ०.०३ अंश सेल्सिअसने उतरत आले आहे, असे स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये दाखविले. १९४२ ची रेषा तेव्हाच वर होती. आज ती अधिकच वर आहे.

दुसरा दोष शरीरशास्त्रीय आहे. गाभ्याचे तापमान स्थिर राखणे हेच शरीराचे धोरण असते. अवटूचा स्राव थोडा घटला तर त्वचेतील रक्तप्रवाह कमी करून शरीर उष्णता वाचविते; माणसाला थंडी वाजते, पण पारा फारसा हलत नाही. तो ठळकपणे उतरतो तो रोग अगदी टोकाला गेल्यावर. म्हणजे जेथे निदान अवघड आहे तेथे ही चाचणी मुकी, आणि जेथे ती बोलते तेथे निदानासाठी तिची गरज नसते.

आता उपनगराकडे वळू. बार्न्स यांची चाचणी पुरेशी झोप, ठरलेली पहाट आणि दहा मिनिटांची निवांत निश्चलता गृहीत धरते. पाण्याच्या वेळेला उठणाऱ्या घाटकोपरच्या गृहिणीस ती दहा मिनिटे कोठून मिळावीत? पहाटेच्या लोकलसाठी चार वाजता उठणाऱ्याची ‘सकाळ’ आणि सातला उठणाऱ्याची ‘सकाळ’ तापमानाच्या दैनिक वक्रावर एकाच ठिकाणी नसते. अंधेरीच्या सीप्झ परिसरात रात्रपाळी करणाऱ्यांचा तर वक्रच सरकलेला असतो. मासिक चक्रात बीजमोचनानंतर तापमान ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसने चढते, हे बार्न्स यांना ठाऊक होते व त्यांनी पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माप घेण्यास सांगितले. पण मे महिन्यातील पंख्याखालची झोप आणि वातानुकूलित खोलीतील झोप यांतील फरकाला त्यांच्या तक्त्यात जागा नाही. २०२० मध्ये गृहसंकुलांच्या फाटकांवर मनगटाला पिस्तूल लावून तापमान पाहिले जात असे. त्या आकड्यांवर विश्वास ठेवला असता तर निम्मे उपनगर अवटू-रुग्ण ठरले असते!

रक्तचाचणी महाग, म्हणून तापमापक, हा युक्तिवादही मुंबईत टिकत नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून परळ येथे अवटूविषयक काम करीत आले आहे; तेथेच काम केलेल्या ए. वेलुमणी यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यात थायरोकेअर सुरू करून ही चाचणी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणली. मुंबईसह आठ शहरांत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे ११ टक्के प्रौढांत अवटूची मंदता आढळली. प्रश्न खरा आहे, मोठा आहे. म्हणूनच त्याचे माप सैल असून चालणार नाही.

बार्न्स यांच्या अनुयायांनी पुढे या चाचणीला अधिवृक्कांचे शेपूट जोडले. दिवसातून तीनदा तापमान घ्यावे. ते सतत कमी असेल तर दोष अवटूचा, आणि रोज वरखाली होत असेल तर अधिवृक्क ‘थकलेले’. या ‘अधिवृक्क-थकव्या’चा शोध घेणाऱ्या ५८ अभ्यासांचा आढावा ब्राझीलमधील काडेजियानी व कातेर यांनी २०१६ मध्ये घेतला, अशा स्वतंत्र विकाराचा पुरावा त्यांना मिळाला नाही. हा भाग केवळ चुकीचा म्हणून सोडून देता आला असता. मुंबईत तो धोक्याचा आहे.

थॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये अधिवृक्कांच्या ऱ्हासाचे पहिले वर्णन केले, तेव्हा त्यांच्या रुग्णांपैकी अनेकांच्या ग्रंथींत क्षयच होता. भारतात आजही क्षय हे या ऱ्हासाचे प्रमुख कारण आहे. थकवा, वजन घटणे, त्वचा काळवंडणे, मीठ खावेसे वाटणे, उभे राहताच भोवळ ही त्याची लक्षणे. अशा रुग्णाचे तापमान वरखाली होत असेल तर त्याचा अर्थ ‘थकलेले अधिवृक्क’ असा लावायचा की संध्याकाळचा बारीक ताप असा? मुंबईतील वैद्याच्या मनात दुसरी शंका आधी यावी लागते. त्यातही कमी तापमान पाहून अवटूचे संप्रेरक आधी सुरू केले, तर शरीर कॉर्टिसॉल अधिक वेगाने खर्च करते आणि दुर्बल अधिवृक्कांचा रुग्ण प्राणसंकटात जाऊ शकतो. क्षयावरील रिफॅम्पिसिन हे औषधही यकृतात कॉर्टिसॉलचे विघटन वाढविते. सकाळी आठच्या सुमाराचे रक्तातील कॉर्टिसॉल आणि गरज पडल्यास उद्दीपन चाचणी यांना येथे पर्याय नाही.

मात्र बार्न्सपंथीयांची एक तक्रार ऐकून घेण्याजोगी आहे. टीएसएच हा एकच आकडा सामान्य आला की रुग्णाला ‘काही झालेले नाही’ असे सांगून वाटेला लावले जाते, असे ते म्हणतात. बाळंतपणातील अतिरक्तस्रावाने पीयूषिका ग्रंथी निकामी होते त्या शीहान विकारात हे अक्षरशः घडू शकते. टीएसएच सामान्य दिसते, आणि अवटू व अधिवृक्क दोन्ही उपाशी असतात. अंगावर दूध न येणे, पाळी परत न येणे, वर्षानुवर्षे न हटणारा थकवा ही कहाणी विचारल्याशिवाय बाहेर येत नाही. परंतु तेथे हवी असते ती मुक्त थायरॉक्सिन आणि कॉर्टिसॉलची तपासणी; ही चाचणी सांगतो म्हणून बार्न्स बरोबर ठरत नाहीत.

तापमानाची नोंद ठेवणे ही क्रिया निरर्थक आहे असा याचा अर्थ नाही. पाचगणीच्या बेल-एअरसारख्या १९१२ पासूनच्या आरोग्यधामांच्या काळात क्षयरुग्णाचा तापाचा तक्ता हे उपचाराचे महत्त्वाचे साधन होते. उपनगरातील एखादी व्यक्ती आपल्या थकव्याची वही घेऊन वैद्याकडे येते तेव्हा तिच्यात पहाटेच्या आकड्यांबरोबर सायंकाळचे आकडे, वजन आणि खोकल्याची नोंद असेल, तर त्या वहीचा उपयोग होईल. बार्न्स यांच्या पद्धतीत सायंकाळच्या मापाला स्थान नाही.