‘डीजे’ : व्यक्ती की यंत्र? हिप-हॉपच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना :
हिप-हॉप संस्कृतीची चार प्रमुख अंगे मानली जातात : डीजे, रॅप, ब्रेकडान्स आणि भित्तिचित्रण. आपल्याकडे मात्र हिप-हॉपची चर्चा झाली ती मुख्यत्वे रॅपच्या शब्दांची. या संस्कृतीचा आरंभ ज्याच्यापासून झाला तो डीजे त्या चर्चेत दुर्लक्षित राहिला. प्रस्तुत लेखात या उपेक्षेचा विचार केला आहे.

मूळ संकल्पना :
किंग्स्टन (जमैका) येथे जन्मलेला क्लाइव्ह कॅम्पबेल 1967 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात आला. 11 ऑगस्ट 1973 रोजी बहिणीने आयोजित केलेल्या कार्यक्रमात त्याने ‘डीजे कूल हर्क’ या नावाने तबकड्या वाजविल्या. नाचणारी मुले गाण्यातील केवळ तालवाद्यांच्या तुकड्याची वाट पाहतात, हे त्याने हेरले. एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन यंत्रांवर ठेवून तो तुकडा त्याने लांबविला. पुढे विद्युत्-उपकरणांचे शिक्षण घेतलेल्या ग्रँडमास्टर फ्लॅशने या तंत्रास काटेकोरपणा दिला. म्हणजेच डीजे हा प्रथम चोखंदळ श्रोता आहे. निवड आणि जोडणी ही त्याची निर्मिती होय. रॅप हा या तालावर नंतर बहरला.

महाराष्ट्रातील स्थित्यंतर :
आपल्याकडे हा क्रम उलटला. मुंबईच्या कुर्ला भागातील नेझीने 2014 मध्ये ‘आफत’ हे गाणे इंटरनेटवरून घेतलेल्या तयार तालावर, आयपॅडच्या साहाय्याने केले. 2019 च्या ‘गली बॉय’ चित्रपटाने रॅपर घरोघरी पोहोचविला. शब्द आले, परंतु डीजे सोबत आला नाही. तो दुसऱ्या वाटेने, वरातीतून आणि मिरवणुकीतून आला.

बदनापूरसारख्या तालुक्याच्या गावी ‘डीजे’ म्हणजे वाहनावर रचलेली ध्वनिक्षेपकांची भिंत. ‘डीजे लावला’, ‘डीजे आणला’ असे आपण म्हणतो. वृत्तपत्रांतील ‘डीजेचालक’ हा शब्द तर अधिक बोलका आहे. मुळात डीजे हीच व्यक्ती असताना येथे डीजे हे यंत्र झाले आणि माणूस त्याचा चालक ठरला. भाषेने कलावंताचे कलावंतपण असे हिरावून घेतले आहे.

याला जुनी परंपराही आहे. शाहिरीच्या अभ्यासात शाहिराची कवने संग्रहित झाली. ढोलकी, तुणतुणे वाजविणाऱ्यांची नावे क्वचितच उरली. शब्दप्रधान समीक्षेला नाद ऐकू येत नाही, हेच यातून दिसते.

ध्वनीच्या अतिरेकाचे समर्थन येथे अभिप्रेत नाही. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी क्षेत्रात दिवसा 55 व रात्री 45 डेसिबल ही मर्यादा घातली आहे. वृद्धांना व रुग्णांना होणारा त्रास खराच आहे. परंतु आवाजाची मात्रा हा कायद्याचा विषय आहे, तर निवडीची गुणवत्ता हा समीक्षेचा. कायद्याचा निकाल हाच समीक्षेचाही निकाल मानणे योग्य नव्हे. क्रेटेक्स या डीजेने श्रेयस यांच्यासह केलेले ‘तांबडी चामडी’ हे मराठी गीत 2024 मध्ये नेदरलँड्समधील स्पिनिन रेकॉर्ड्सने प्रकाशित केले. मराठी डीजे निर्माता असू शकतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

समारोप :
कोणत्या गाण्यानंतर कोणते गाणे लावावे, भीमगीताचा ठेका कोठे उचलावा, गर्दी केव्हा थकते, हे मिरवणुकीतील तरुण अनुभवाने शिकतो. हे ज्ञान आहे आणि त्याची नोंद कोठेही होत नाही. त्याला केवळ ‘चालक’ म्हणत राहिलो, तर त्याच्याकडून केवळ आवाजच मिळेल. त्याच्या निवडीची चिकित्सा सुरू झाली, तरच त्याच्याकडून कलेची अपेक्षा करण्याचा अधिकार आपल्याला प्राप्त होईल.