हळदीच्या फोल्डरमधली गाणी

गेल्या वैशाखात वडखळजवळच्या एका गावात हळदीला गेलो होतो. मंडपाच्या एका अंगाला खाजण, दुसऱ्या अंगाला लांबवर डोलवीच्या पोलाद कारखान्याचे दिवे आणि समोर माणसाच्या उंचीचे डीजेचे खोके. एक गाणं लागलं तशी पोरं खुर्च्या सारून उठली. ठेका झकास होता. डीजेवाल्या पोराला विचारलं, हे लिहिलंय कोणी? त्यानं गायकाचं नाव सांगितलं. म्हटलं, गायक कळला, लिहिणारा सांग. तो लॅपटॉपवर वाकला. फोल्डरचं नाव होतं ‘हलदी नॉनस्टॉप ३’. आत शे-सव्वाशे गाणी, आणि एकापुढेही लिहिणाऱ्याचं नाव नाही. ‘दादा, नाव कशाला? पब्लिक नाचतंय ना!’

(‘हलदी’तला ल हिंदीचा की आमचा, ते सांगता येणार नाही. आगरीत ळ टिकतच नाही. नारळाचा नारल होतो, हळदीची हलद. गाडीची गारी आणि होडीची होरी होते ती वेगळीच.)

पब्लिक नाचत होतं, यात वाद नाही. आगरी-कोळी गाण्याच्या आजच्या अवस्थेबद्दल लिहायचं तर आधी ही कबुली द्यावी लागते. पेण-अलिबागच्या हळदी, एकवीरेची चैत्री यात्रा, गौरी-गणपती, गावोगावच्या क्रिकेट टुर्नामेंट. वर्षभर या गाण्याला मरण नाही. नाट्यसंगीताची किंवा भावगीताची चिंता करणारे लेख आपण वाचतो, तसली चिंता इथं करायचं कारण नाही. इथला रोग दुसराच आहे. ठेका दरवर्षी तगडा होतोय आणि शब्द दरवर्षी वाळतोय. ‘हल्लीच्या पोरांना लिहिता येत नाही’ असं म्हणून जाणते मोकळे होतात. मला ते पटत नाही. पोरांना येतं. पण या सगळ्या व्यवहारात शब्दाला कोणी विचारत नाही, आणि न विचारलेली गोष्ट फार दिवस टिकत नाही.

पूर्वी विचारत. आगऱ्यांच्या लग्नात धवले, म्हणजे विधींची गाणी, म्हणणारी धवलारीण असे, अजूनही काही घरांत असते. लग्नातल्या एकेका विधीचा धवला वेगळा, आणि तो तिनं म्हटल्याशिवाय विधी पुढं सरकत नसे. कित्येक लग्नं तर भटजीशिवाय, तिच्याच तोंडून लागलेली आहेत. तिचं पाठांतर अफाट, पण नुसतं पाठांतर नव्हे. नवरीचं नाव, तिच्या बापाचं नाव, सासरच्या गावाची खूण, हे सगळं जागच्या जागी ओवायचं असतं. गाणारी, रचणारी आणि कार्य चालवणारी एकच बाई. ‘सिंगर-साँगरायटर’ हा शब्द आपल्याकडे इंग्रजी मासिकांतून आला. ते माणूस मात्र आमच्या ओसरीवर आधीपासून पान लावत बसलेलं होतं.

धवल्यात आणखी एक गोष्ट होती. मंडपात आनंद असायचा आणि त्याच सुरात आईच्या घशाला आवंढा यायचा. एकाच चालीत दोन्ही. याकडे मी पुन्हा येणार आहे.

बाहेरच्या महाराष्ट्राला कोळीगीत कळलं ते रेडिओ आणि रेकॉर्डवरून. शब्द शांता शेळके यांचे, चाल हृदयनाथ मंगेशकरांची, आवाज लता मंगेशकर आणि हेमंतकुमार यांचे. घाटावरची कवयित्री आणि बंगाली गळा! तरी त्या गाण्यांना नावं ठेवायची माझी छाती नाही. त्यांतली लय अस्सल पाण्याची आहे. पण त्या गाण्यांनी एक साचा पाडून दिला. दर्या, होडी, नाखवा, वाट बघणारी बायको. पुढं वेसाव्याच्या काशीराम चिंचय यांनी ‘वेसावकर आणि मंडळी’च्या कॅसेटींतून तोच दर्या कोळीवाड्याच्या बोलीत परत आणला, आणि रिक्षापासून वरातीपर्यंत सगळीकडे वाजवला. तिथं शब्द घासूनपुसून घेतलेले नव्हते. बाजारात मासळी विकणाऱ्या बाईच्या तोंडचे होते. माझ्या लेखी लोकप्रिय मराठी गाण्यातलं हे मोठं काम आहे आणि त्याची नीट समीक्षा अजून व्हायची आहे.

मात्र वडखळचा आगरी हा डोलकर नव्हे. आगर म्हणजे मीठ पिकवायची जागा. आमचं गणगोत मिठागराशी आणि खारपाटातल्या भातशेतीशी. आमच्याकडे दर्यापेक्षा खाडी जवळची, होडीपेक्षा बांध जवळचा. तरी गाणं विकायचं तर ते ‘आगरी-कोळी’ या एकाच पाटीखाली, आणि पाटीखाली होडी हवीच. जन्मात वल्हं हातात न धरलेली आमची पोरं गाण्यात नाखवा होतात, आणि व्हिडिओसाठी टेम्पो करून नागावच्या किनाऱ्यावर जातात.

बेंजोबद्दल थोडं सांगतो, कारण आमच्या गाण्याचा खरा नायक तोच. आम्ही ज्याला बेंजो म्हणतो तो अमेरिकेतला बँजो नव्हेच. टाइपरायटरसारख्या कळा असलेलं हे तंतुवाद्य गोरो मोरिता नावाच्या जपानी माणसानं १९१२ मध्ये नागोयात काढलं. आपल्याकडे ते बुलबुलतरंग म्हणून रुळलं, आणि पिकअप लावून भोंग्याला जोडल्यावर त्याला जो कर्कश गोड आवाज फुटला, तो आमच्या वरातीचा आवाज ठरला. बेंजो पार्टीतला कळा मारणारा माणूस शब्दांची उणीव बोटांनी भरून काढी. ओळ तीच तीच आली तरी दुसऱ्या फेरीत तो तिला अशी मुरड घाली, की ऐकणाऱ्याला कंटाळा येत नसे. त्याची जागा आता कीबोर्डवर साठवलेल्या सुरावटींनी घेतली आहे, आणि शब्दांचं दारिद्र्य उघडं पडलंय.

संतोष चौधरी ऊर्फ दादूस यांनी हे गाणं अंगावरच्या सोन्यासकट २०२१ मध्ये ‘बिग बॉस मराठी’च्या घरापर्यंत नेलं. प्रशांत नाकतीसारखे संगीतकार-गीतकार यूट्यूबवर मोठे झाले. कॅसेट कंपनीच्या दारात बसायची गरज संपली, घरातल्या एका खोलीत गोधडी टांगून स्टुडिओ होतो. एवढं स्वातंत्र्य आमच्या गाण्याला कधीच नव्हतं. आणि या स्वातंत्र्याचं झालं काय? पोरी, गोरी, बायगो, दर्या, पैठणी, नथ. एवढी यादी संपली की गाणं संपतं.

उधाणाला बांध फुटून भातशेतात खारं पाणी शिरतं, आणि डोळ्यांदेखत जमीन मेल्यासारखी होते. जमीन मेल्यावर तिच्यात जिताडा मासा सोडून जगणारा शेतकरी हा या भागाचा खास माणूस आहे. तो गाण्यात नाही. अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या मागं उभं राहून १९३३ पासून सहा वर्षं जमिनी ओसाड ठेवल्या. २१ सप्टेंबर २००८ ला पेण तालुक्यातल्या २२ गावांनी महामुंबई सेझला जमीन द्यायची की नाही यावर मतदान केलं. त्या दिवशी म्हाताऱ्या बायका मतपेटीपुढं रांगेत होत्या. हळदीत धवले म्हणणाऱ्याच बायका. पळस्पे-इंदापूर महामार्गाचं रुंदीकरण २०११ पासून आमच्या मानेवर बसलंय. वडखळच्या नाक्यावर गणपतीच्या चाकरमान्यांच्या गाड्या तासन्‌तास अडकतात आणि प्रत्येक गाडीत आमचंच गाणं वाजत असतं, पण त्या गाण्यात वडखळ नसतं. आंदोलनाची गाणी झाली नाहीत असं नाही. ती सभेत राहिली. हळदीच्या फोल्डरमध्ये शिरली नाहीत. ‘हळदीत कोण रडगाणं लावणार?’ हा यावरचा ठरलेला जबाब.

या जबाबासाठी मला स्वीडनला जावं लागतं.

रॉबिन ही स्टॉकहोमची गायिका, जन्म १९७९. आई-वडील एक छोटी नाटक मंडळी चालवायचे. पोरवयातच कंपनीनं उचललं, आणि १९९७ मध्ये तिची दोन गाणी अमेरिकेच्या यादीत सातव्या क्रमांकापर्यंत गेली. त्या गाण्यांमागं मॅक्स मार्टिन आणि डेनिझ पॉप ही स्टॉकहोमच्या चेइरॉन स्टुडिओतली जोडी होती. ही मंडळी चाल आधी बांधायची, तिच्या मापाचे आवाज शोधायची आणि त्या आवाजांत बसतील ते इंग्रजी शब्द भरायची. मॅक्स मार्टिननं लिहिलेल्या ब्रिटनी स्पीअर्सच्या पहिल्याच गाण्यातला एक शब्द अमेरिकनांना मारहाणीचा वाटला. याच्या मनात म्हणे फोन करणं होतं. परक्या भाषेत लिहिणाऱ्याला हे माफ आहे. आमची पोरं मायबोलीत लिहून तेच करतात, त्याला काय म्हणायचं?

रॉबिन त्या साच्यात राहिली असती तर आज कोणाला आठवली नसती. १९९९ च्या दुसऱ्या अल्बममध्ये तिनं स्वतःच्या गर्भपाताबद्दल लिहिलं. ती गाणी बदल, असा अमेरिकेतून आग्रह झाला. तिनं बदलली नाहीत आणि अल्बम तिथं निघाला नाही. २००५ मध्ये कंपनीतून बाहेर पडून तिनं ‘कोनिचिवा’ हे स्वतःचं लेबल काढलं. दोन वर्षांनी क्लीरपबरोबरचं तिचं गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं. २०१० च्या ‘डान्सिंग ऑन माय ओन’मध्ये एक बाई नाचघराच्या कोपऱ्यातून आपल्या माणसाला दुसरीबरोबर बघते आणि नाचत राहते. गोष्ट एवढीच. खालचा बेस पहिल्या सेकंदाला सुरू होतो आणि हूं की चूं न करता तसाच धडधडत राहतो. रडायला उसंतच देत नाही. शब्द मोडतात, ठेका मोडत नाही. हे ऐकताना मला परकं काही वाटलं नाही. आईच्या घशात आवंढा आणि अंगणात ताशा, ही आमचीच रीत. आम्ही ती फोल्डरच्या बाहेर ठेवली आणि त्यांनी तिच्यावर नाचघर उभं केलं.

रॉबिन धीट होती हे खरं, पण तिच्या पाठीशी हिशेबाची व्यवस्था होती. स्वीडनमध्ये गीतकार-संगीतकारांची ‘स्टिम’ ही संस्था १९२३ पासून पैसे गोळा करून लिहिणाऱ्याच्या हाती देते. नगरपालिकांच्या संगीतशाळांत पोरं स्वस्तात वाद्यं शिकतात. आपल्याकडे आयपीआरएस ही तशीच संस्था १९६९ ची, आणि २०१२ च्या कायदादुरुस्तीनं गीतकाराचा रॉयल्टीतला वाटा पक्का केला. कागदावर सगळं आहे. मात्र त्याच कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये धार्मिक कार्यांना सूट आहे, आणि लग्नाची वरात व लग्नाशी जोडलेले समारंभ त्याच सुटीत बसतात. म्हणजे आमच्या गाण्याचं जे सगळ्यांत मोठं व्यासपीठ, हळद, तिथं गीतकाराचा हक्काचा पैसा शून्य. मंडपात कोणी पावतीपुस्तक घेऊन आला तर पहिली खुर्ची मीच फेकेन. सूट योग्यच आहे. पण तिचा परिणाम बघा. सिनेमाच्या गीतकाराला हळदीत पैसे मिळाले नाहीत तरी थिएटर आहे, टीव्ही आहे. आगरी गाणं लिहिणाऱ्याला हळदीपलीकडे फारसं काही नाही. पैसा येतो तो सुपारीचा, आणि सुपारी गायकाला मिळते, बेंजोला मिळते, खोके लावणाऱ्याला मिळते. लिहिणाऱ्याच्या हातावर एकदा काय ते टेकवतात. शहाणा गायक तेवढेही वाचवतो आणि स्वतःच चार ओळी जुळवतो. त्यांतली एकच ओळ रीलमध्ये चालायची असते. उरलेल्या तीन कशाला कोण घासत बसेल?

वाट नाही असं नाही. जळगाव जिल्ह्यातल्या तांड्यावरून आलेल्या संजू राठोडनं ‘गुलाबी साडी’ स्वतः लिहिलं, स्वतः गायलं, भाऊ जी-स्पार्क संगीताला. २०२४ मध्ये ते न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरच्या फलकावर पोचलं. त्याच वर्षी क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं ‘तांबडी चामडी’ स्पिनिन रेकॉर्ड्स या डच लेबलनं काढलं. पहिल्याची चाल इतकी सोपी की तीन वर्षांचं पोर उचलेल, आणि ही सोपी चाल बांधणं अवघड असतं हे मान्य करायला हवं. पण त्या साडीत तांडा कुठं आहे, तो मला शोधावा लागतो. ‘तांबडी चामडी’ मला अधिक धाडसी वाटतं. कातडीच्या रंगाचा तोरा मिरवणारं ते गाणं गुळगुळीत मराठीकडे वळत नाही, आणि परदेशी हाऊसच्या ठेक्यापुढं लाजतही नाही. दोघांनीही आपली नावं गाण्याला घट्ट बांधून ठेवली आहेत. आमच्या पट्ट्यात ही सवय अजून रुळायची आहे. इथं गाणं एका व्हॉट्सॲप ग्रुपवरून दुसऱ्यावर जाईपर्यंत तीन जणांचं झालेलं असतं.

त्या हळदीत दहा वाजता गाडी आली. पोलिसांनी घड्याळ दाखवलं, डीजे बंद झाला. पोरं शिव्या देत मंडपामागं गेली. मांडवात अचानक खाडीकडचा वारा ऐकू यायला लागला. मग आतल्या पडवीतून म्हाताऱ्या आवाजाचा धवला आला. बहुतेक तो आधीपासूनच चालू असावा, खोक्यांपुढं कळला नव्हता. आत जाऊन पाहिलं तर चार बायका पाटाभोवती बसलेल्या आणि एक जण पुढं म्हणत होती. नेहमीचे देव झाले, गणपती झाला, एकवीरा झाली. मग नवरीच्या बापाचं नाव आलं, त्याची कंपनीतली रात्रपाळी आली, रस्त्यात गेलेला त्याचा जमिनीचा तुकडा आला. नवरी मान खाली घालून बसली होती. तिच्या आईनं पदर तोंडाला लावला.

माझ्या मागं तो डीजेवाला पोरगा येऊन उभा होता. त्यानं मोबाइल काढला, रेकॉर्डिंग लावलं, थोडं ऐकलं आणि खाली बसून म्हणाला, ‘आजे, ती जमिनीवाली ओळ तेवढी परत बोल ना.’

म्हातारीनं डोळे किलकिले करून त्याच्याकडे पाहिलं. ‘धवला मदनंच नाय धरीत, बाला,’ ती म्हणाली. ‘बस. पयल्यापासून बोलतंय.’