‘सिंहासन’ : श्रम, सत्ताकांक्षा आणि साक्षीदार

प्रस्तावना :

मराठीतील राजकीय चित्रपटांची संख्या मोठी असली, तरी राजकारणाच्या प्रक्रियेचे दर्शन घडविणारे चित्रपट मोजकेच आहेत. डॉ. जब्बार पटेल दिग्दर्शित ‘सिंहासन’ (१९७९) हा त्यांपैकी महत्त्वाचा चित्रपट होय. अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ व ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवर तो आधारलेला असून त्याची पटकथा विजय तेंडुलकर यांची आहे. कथानक मुंबईत घडते. तथापि मूळ लेखक अरुण साधू (१९४१–२०१७) हे अमरावती जिल्ह्यातील परतवाड्याचे, तर गीतकार सुरेश भट हे अमरावतीचे. राजधानीतील सत्तेचे हे चित्र उभे करण्यात वऱ्हाडच्या दोन लेखकांचा वाटा आहे, ही बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. सत्ताकांक्षेच्या या कथेत श्रमिकाचे स्थान कोणते, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सत्ताकांक्षेचे स्वरूप :

राजकीय महत्त्वाकांक्षा हा अमेरिकी चित्रपटाचाही जुना विषय आहे. प्रेस्टन स्टर्जेस यांच्या ‘द ग्रेट मॅकगिंटी’ (१९४०) मध्ये खोट्या नावांनी मतदान करणारा एक भणंग माणूस गव्हर्नरपदापर्यंत पोहोचतो आणि प्रामाणिकपणे वागू पाहताच कोसळतो. रॉबर्ट रॉसन यांच्या ‘ऑल द किंग्ज मेन’ (१९४९) मध्ये विली स्टार्क या लोकनेत्याचा उदय, अधःपात व अंत एका पत्रकाराच्या नजरेतून दिसतो. दोन्ही चित्रपटांत महत्त्वाकांक्षा ही एका व्यक्तीची कहाणी आहे. त्यामुळे नायक पडला की कथा संपते आणि प्रेक्षकाला एक नैतिक समाधान लाभते.

‘सिंहासन’ असे समाधान देत नाही. मुख्यमंत्री जिवाजीराव (अरुण सरनाईक) आणि अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे (डॉ. श्रीराम लागू) यांच्यातील संघर्षात कोणी खलनायक नाही आणि कोणी नायकही नाही. येथे आकांक्षा माणसाची न राहता खुर्चीची होते. खुर्चीभोवती येणारा प्रत्येक जण तिच्याच नियमांनी वागू लागतो. माणूस बदलला तरी व्यवहार बदलणार नाही, हे चित्रपटाचे प्रतिपादन आहे. त्याची कृष्णधवल चित्रचौकट या कोरडेपणाला पूरक ठरते.

श्रमिकाचे स्थान :

कामगार नेता डिकास्टा (सतीश दुभाषी) ही या चित्रपटातील सर्वांत गुंतागुंतीची व्यक्तिरेखा म्हणता येईल. त्याच्यामागे कामगारांची शक्ती आहे, म्हणूनच सत्ताकांक्षी मंत्र्याला त्याची गरज भासते. त्याच क्षणी संप हे न्याय मागण्याचे साधन न राहता सत्तेच्या पटावरील सोंगटी बनते. चित्रपटात कष्टकऱ्याच्या जगण्याचे प्रसंग येतात. परंतु संपाविषयीचा निर्णय जेथे होतो, तेथे कष्टकरी नसतो. तो बोलत नाही, मोजला जातो. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९८२ मध्ये डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील गिरणी कामगारांचा प्रदीर्घ संप झाला. ते पाहता हे निरीक्षण द्रष्टेपणाचे वाटते.

हा अनुभव मुंबईपुरता मर्यादित नाही. अकोल्याची सावतराम मिल व अचलपूरची विदर्भ मिल यांमुळे गिरणी कामगार हा वर्ग वऱ्हाडलाही परिचित होता. पुसदचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात राज्याचे मुख्यमंत्री होते. कापूस एकाधिकार खरेदी योजनाही त्यांच्याच कारकिर्दीतील. सत्ता आपल्या प्रदेशातील माणसाकडे असणे आणि कापूस पिकविणारा किंवा विणणारा माणूस सत्तेत सहभागी असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे वऱ्हाडच्या वाचकाला वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

साक्षीदाराची शोकांतिका :

‘सामना’ मध्ये (१९७५) सत्ताधारी हिंदुराव साकारणारे निळू फुले येथे पत्रकार दिगू टिपणीस होतात, तर तेथे सत्तेला प्रश्न विचारणारे डॉ. लागू येथे सत्ताकांक्षी मंत्री होतात. भूमिकांची ही अदलाबदल अर्थपूर्ण आहे. दिगू हा पगारी नोकर आहे. माहिती मिळविणे आणि लिहिणे हे त्याचे श्रम. चित्रपटात ज्याचे काम सातत्याने दिसते असा श्रमिक खरे तर तोच आहे. त्याला सर्व काही ठाऊक असते, परंतु त्याच्या जाणण्याने काहीही बदलत नाही. शेवटी त्याचे भान सुटते. मराठी पत्रकारितेत ‘दिगू टिपणीस होणे’ हा वाक्प्रचारच रूढ झाला, हे या व्यक्तिरेखेच्या सत्यतेचे गमक होय.

मात्र येथेच चित्रपटाची मर्यादाही जाणवते. व्यवस्थेचे अपयश एका संवेदनशील माणसाच्या वेडात सामावले, की प्रेक्षक त्याच्याविषयी हळहळतो आणि स्वतःच्या जबाबदारीतून सुटतो. संघटित प्रतिकाराची शक्यता चित्रपट तपासून पाहत नाही; डिकास्टाच्या व्यवहारातच ती संपली असे गृहीत धरतो.

निष्कर्ष :

‘सिंहासन’ ने सत्ताकांक्षेला व्यक्तीच्या दोषातून बाहेर काढून व्यवस्थेच्या पातळीवर नेले, हे त्याचे मोठे यश आहे. श्रमिकाच्या वतीने बोलणारे अनेक आणि श्रमिक मात्र मूक, हे वास्तव त्याने अचूक टिपले. त्या मौनाला वाचा मात्र दिली नाही. ते काम त्याने पुढील कलाकृतींसाठी शिल्लक ठेवले आहे.