घरी न धाडलेले पत्र

युद्धकाळात धर्मोपदेशकांनी लिहिलेली पत्रे आणि टिपणे युरोपात मोठ्या आस्थेने जपली जातात. १९१५ साली रुग्णसेवा पथकात सार्जंट असलेले आंजेलो रोंकाल्ली पुढच्याच वर्षी लष्करी धर्मोपदेशक झाले आणि १९५८ साली तेविसावे पोप जॉन म्हणून पीठावर बसले. मराठीत या जातीचे लेखन शोधू लागलो की आमचा हात वरसईच्या विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’कडे जातो. ती पत्रे नव्हेत, आणि गोडसे शिपाईही नव्हेत. घरच्या ओढगस्तीपायी, बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने काकांसह १८५७ साली उत्तरेकडे निघालेले ते भिक्षुक. वाटेत बंड उसळले आणि १८५८ च्या झाशीच्या वेढ्यात ते अडकले.

सरकारी नोकरीत आम्ही अहवाल पुष्कळ वाचले. साक्षीदार कुठे उभा होता, हे आधी पाहायचे, ही त्यातून लागलेली सवय. त्या कसोटीवर झाशीची प्रकरणे खणखणीत उतरतात. दक्षिणेचा, भोजनाचा, विधींचा बारकाईने हिशेब ठेवणारी नजरच कत्तलीनंतरचे शहर पाहते, म्हणून ते वर्णन अंगावर येते. काल्पीच्या वाटेवर तहानलेली राणी विहिरीपाशी भेटते, तो प्रसंगही असाच अनलंकृत. उलट आमच्या ग्वाल्हेरीतल्या अखेरच्या लढाईचा भाग ऐकीव आहे आणि तो तसाच वाचावा. फुलबागेतल्या समाधीपाशी भाषणे करणारी मंडळी नेमका हाच भाग आधाराला घेतात, याची आम्हांस गंमत वाटते.

खरा वाद मात्र संहितेचा आहे. चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून गोडसे यांनी १८८३ च्या सुमारास, म्हणजे पंचवीस वर्षांनी, हे लिहिले. वैद्यांनी ते १९०७ साली छापले. वैद्य ग्वाल्हेर संस्थानचे सरन्यायाधीश होते, त्यामुळे येथे त्यांच्याविषयी आदर आहे आणि तो आम्हांसही आहे. परंतु त्यांनी भाषा सफाईदार केली, काही मजकूर गाळला. राजवट परकी होती, तेव्हा सावधगिरी समजते. भटजींच्या बोलीला इस्त्री करण्याचे कारण मात्र आम्हांस पटत नाही. १९६६ साली दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून पुस्तक काढले, तेव्हा तो ओबडधोबड, कधी भित्रा, कधी मिस्किल माणूस पुन्हा बोलू लागला. तरीही येथील वाचनमंडळांत अजून वैद्यांचीच प्रत फिरते.

गोडसे परतले ते गंगेची कावड खांद्यावर घेऊन. त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातले. दक्षिणेचे द्रव्य वाटेतच लुटले गेले होते.