अजिंठ्यातील प्रकाशयोजना : संहिता आणि भाष्य

प्राचीन वास्तूच्या अंतर्भागात आधुनिक दिवे कसे बसवावेत, हा प्रश्न सामान्यतः अभियंत्याचा किंवा पुरातत्त्वज्ञाचा मानला जातो. भाषेच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालण्याचे प्रयोजन काय, अशी शंका कोणी घेतल्यास ती अस्थानी म्हणता येणार नाही. परंतु ज्या वास्तूच्या भिंतींवर कथा चित्रित केल्या आहेत, तेथे दिवा हे केवळ पाहण्याचे साधन राहत नाही. आधी काय वाचावे, मागाहून काय वाचावे आणि काय अजिबात वगळावे, हे तो प्रेक्षकाच्या नकळत ठरवीत असतो. या दृष्टीने अजिंठ्याच्या लेण्यांतील प्रकाशयोजनेचे परीक्षण करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अजिंठा वऱ्हाडच्या आजच्या सीमेबाहेर असला तरी वऱ्हाडास परका नाही. सोळावे लेणे कोरविणारा वराहदेव हा वाकाटक नृपती हरिषेण याचा मंत्री होता, आणि हरिषेणाची राजधानी वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम होय. वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांच्या लेखांचा जो संग्रह १९६३ साली प्रसिद्ध केला, त्यात या लेण्यातील शिलालेखाचाही समावेश आहे. लेण्याचे वर्णन करताना त्या लेखात गवाक्षांचा आणि वीथींचा निर्देश अलंकार म्हणूनच येतो. प्रकाशाची वाट ही त्या काळच्या दृष्टीने वास्तूच्या शोभेचा एक घटक होती, असा निष्कर्ष त्यावरून काढणे अयोग्य होणार नाही. प्रत्यक्ष रचनाही हेच सांगते. ओसरी, स्तंभयुक्त मंडप, अंतराळ आणि गाभारा या क्रमाने प्रकाश पायरीपायरीने मंदावत जातो. डोळा अंधारास सरावत जातो आणि त्याबरोबर मनही.

१८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस ही लेणी पडल्यानंतर चित्रे पाहण्याच्या अनेक पद्धती येथे रूढ झाल्या. बाहेरचे ऊन आरशाने किंवा पांढऱ्या कापडाने आत परावर्तित करण्याची वाटाड्यांची युक्ती पुष्कळांना ठाऊक आहे. पुढे हाती धरावयाचे विजेचे दिवे आले आणि त्यानंतर प्रकाशतंतूंची योजना आली. या शेवटच्या योजनेत उगमस्थान चित्रापासून दूर राहते. उष्णता आणि जंबुपार किरण बहुतांशी तेथेच अडतात व काचेच्या तंतूंमधून केवळ दृश्य प्रकाश पुढे जातो. संरक्षणाच्या दृष्टीने ही प्रगती निःसंशय स्वागतार्ह आहे.

तथापि संरक्षणाचा विचारही वाटतो तितका सरळ नाही. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी आणि लाजवर्द ही अजिंठ्याची प्रमुख रंगद्रव्ये. ती बहुतेक खनिज असल्याने प्रकाशास बऱ्यापैकी टिकाव धरतात. परंतु मातीच्या गिलाव्यावर रंगास धरून ठेवणारा बंधक सेंद्रिय आहे. शिवाय हैदराबाद संस्थानाने १९२० च्या दशकाच्या आरंभी बोलाविलेल्या इटालियन तज्ज्ञांनी चित्रांवर लाखेचा लेप दिला, तो कालांतराने पिवळा पडला. नाजूक वस्तूंसाठी ५० लक्स ही मर्यादा संग्रहालयांत सर्वसामान्यपणे मानली जाते. रोज ८ तास व वर्षातून ३०० दिवस दिवे लावल्यास या मर्यादेतही वर्षाकाठी १,२०,००० लक्स-तास भरतात. प्रकाशाची हानी साठत जाणारी असते. म्हणून प्रेक्षक नसताना दिवा विझणे हे मंद दिव्याइतकेच महत्त्वाचे आहे.

परंतु माझा मुख्य आक्षेप प्रकाशाच्या मात्रेवर नसून त्याच्या वाटणीवर आहे. पहिल्या लेण्यातील पद्मपाणी आणि वज्रपाणी यांवर झोत टाकावा आणि उरलेली भिंत अंधारात सोडावी, ही वृत्ती चित्रपुस्तकांनी जोपासलेली आहे. सुट्या आकृतीला ती पुरेशी वाटेल. सतराव्या लेण्यातील विश्वंतर जातकाला किंवा सिंहल अवदानाला मात्र ती घातक ठरते. येथे एकच पात्र भिंतीवर पुनःपुन्हा येते, आणि प्रसंगांची मांडणी पुष्कळदा कालक्रमाने नसून स्थलानुसार असते. नगरातील प्रसंग एकीकडे आणि अरण्यातील दुसरीकडे, हे जर्मन पंडित डीटर श्लिंगलॉफ यांनी सविस्तर दाखविले आहे. अशा रचनेत अर्थ आकृतीत नसतो, आकृतींच्या परस्परसंबंधात असतो. झोत पडला की शब्द दिसतो आणि वाक्य हरवते. शब्दकोश पाठ करून काव्य समजल्याचे समाधान मानण्यासारखाच हा प्रकार होय.

पहिल्याच लेण्याच्या गाभाऱ्यातील बुद्धमूर्ती याचे दुसरे उदाहरण आहे. डावीकडून, उजवीकडून आणि समोरून दिवा धरला असता मुखावरील भाव पालटतो, हे वाटाडे हौसेने दाखवितात. त्या दाखविण्यात एक प्रामाणिकपणा आहे, कारण दिवा हलतो आहे हे प्रेक्षकास दिसते. कायमचा बसविलेला दिवा मात्र तीन पाठांतून एक पाठ निवडतो आणि पाठभेदांची नोंद न देता तोच मूळ पाठ म्हणून पुढे ठेवतो. चिकित्सक आवृत्तीचा एवढा साधा नियम ग्रंथात आपण मोडू देत नाही. मग लेण्यात तो का मोडू द्यावा?

यावर असे म्हटले जाईल की भिक्षूंच्या काळी तेलाचे दिवे होते, तेव्हा तसाच तांबूस, लुकलुकता उजेड निर्माण करावा. हे मत ग्राह्य नाही. पिवळ्या लेपावर तांबूस प्रकाश पडला की लाजवर्दाचा निळा रंग मरतो. उलट अतिशुभ्र प्रकाशात गेरूचा जिवंतपणा जातो. प्राचीनतेचे नाटक करण्यापेक्षा रंगांचे परस्परप्रमाण राखणारा प्रकाश श्रेयस्कर. वारसावास्तूंविषयीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेचा आशयही हाच आहे, की नव्या भागाने आपले नवेपण लपवू नये आणि जुन्याच्या एकंदर रचनेशी विसंगतही होऊ नये.

तेव्हा योग्य योजनेची लक्षणे अशी सांगता येतील. संपूर्ण भिंतीवर मंद व समान प्रकाश असावा. ओसरीपासून गाभाऱ्यापर्यंतचा उतरता क्रम कायम राहावा. गिलाव्यात एकही खिळा जाऊ नये. दुपारच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो. तेथून येणाऱ्या प्रेक्षकास ओसरीत काही काळ थांबवावे. पूर्णपणे अंधारास सरावण्यास डोळ्याला वीस-तीस मिनिटे लागतात. पाच-दहा मिनिटे थांबल्यानेही बराच फरक पडतो. नांदगाव पेठेहून अकोला, खामगाव या वाटेने दिवसभराचा प्रवास करून अजिंठ्यास पोहोचणाऱ्या विद्यार्थ्यास एवढा विलंब जड वाटू नये. प्रकाशयोजना हे भाष्य आहे. उत्तम भाष्य संहितेकडे नेते. तिच्या जागी स्वतः उभे राहत नाही.