ओवरीतलं रामायण

बँकॉकच्या सहलीत राजवाड्याला जेमतेम दीड-दोन तास मिळतात. झेंडी उंचावून पुढे चाललेला गाइड, उघडे गुडघे झाकायला ऐनवेळी गुंडाळलेल्या लुंग्या, आणि राजवाड्याच्या आवारातल्या वाट फ्रा केओ या देवळाच्या सोनेरी चेदीकडे, म्हणजे स्तूपाकडे, रोखलेले मोबाइल. त्या चेदीकडे पाठ फिरवली की देवळाभोवतीची ओवरी लागते. ग्रँड पॅलेसचं खरं ऐश्वर्य माझ्या मते त्या ओवरीच्या भिंतीवर आहे.

भिंतभर 178 चित्रचौकटींत रामाकियेन, म्हणजे थाई रामायण, रंगवलेलं आहे. बँकॉक वसवणाऱ्या पहिल्या रामा राजाने स्वतःच्या देखरेखीखाली हे काव्य 1797 साली पूर्ण करवलं. कथेची सुरुवात उत्तरेला विहान योत या वास्तूसमोर होते. जनक नांगरतोय आणि तासात सीता सापडतेय. तिथून प्रदक्षिणेच्या दिशेने चालत जायचं. पर्यटकांची वाट मात्र दुसरीकडून आत शिरते, त्यामुळे बहुतेकांना रामायण मधूनच कुठेतरी भेटतं, एखाद्या युद्धाच्या ऐन गर्दीत. सीता इथे रावणाचीच मुलगी, अपशकुनी म्हणून पाण्यात सोडून दिलेली. हे ऐकून आपल्यातले काही जण चपापतात. आपल्याकडच्या कथांतही असा धागा आहे, हे त्यांच्या गावी नसतं.

चित्र वाचताना आधी चेहरे बघावेत. रामाचा वर्ण हिरवा, लक्ष्मणाचा सोनेरी. रावण, म्हणजे थोत्साकान, तोही हिरवाच, पण दहा तोंडांची उतरंड डोक्यावर घेऊन उभा. नायक आणि खलनायक एकाच रंगाचे, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर रेषभर भाव नाही. राम रडतो तेव्हाही चेहरा ढळत नाही. शोक असतो तो कपाळाशी नेलेल्या हातात, कललेल्या मानेत. ही सगळी खोन या मुखवटानाट्याची भाषा आहे. राजकुळातल्या माणसाने तोंड वाकडं करणं चित्रकाराला औचित्याला सोडून वाटतं.

मग हसायचं, ओरडायचं, घाबरायचं कुणी? चौकटीच्या कोपऱ्यांतल्या माणसांनी. ओझी वाहणारे हमाल, आपसात कुजबुजणाऱ्या दासी, शिपाई, खिदळणारी वानरं. यांच्यावर कसलंही बंधन नाही. पोट सुटलेलं चालतं, दात विचकलेले चालतात. सोन्याचा वर्ख वर, राजांच्या अंगावर. जीव खाली, कडेला. रसिकाने ही भिंत कडेकडेने बघावी असं मी म्हणतो ते यासाठी.

दोन्हीकडे सारख्याच मोकळेपणाने वावरणारा एकच: हनुमान. शुभ्र देहाचा, दागिने ल्यालेला, आणि (मारुतीच्या देवळात शनिवारी तेल घालणाऱ्यांनी जरा दम धरावा) चांगलाच रसिक. सेतूचे दगड पळवायला रावणाने आपली जलकन्या सुवन्नमच्छा पाठवली, तर हा तिचा पाठलाग करत पाण्यात उतरला आणि प्रेमात पाडूनच वर आला. पाताळाचा राजा मैयराब रामाला पळवणार हे कळल्यावर हनुमानाने देह अवाढव्य वाढवला आणि रामाचा तळच तोंडात धरला. चित्रात तो आ वासलेला हनुमान एखाद्या डोंगराएवढा आहे आणि त्याच्या जबड्यात एक नीटनेटका मंडप. वीर आणि अद्भुत एकाच चौकटीत, शिवाय हसूही येतं. मैयराबने खोटी पहाट निर्माण करून पहारेकऱ्यांना गाफील केलं आणि झोपेची भुकटी फुंकून राम नेलाच.

अहिरावण-महिरावणाची गोष्ट ऐकलेल्या मराठी माणसाला पुढचं पाताळ ओळखीचं वाटेल. वाटेत मकरध्वजही भेटतो. इथे तो मच्चानू, माशाची शेपटी असलेलं पांढरं वानर. आपला मकरध्वज घामाच्या थेंबातून जन्मलेला. मच्चानू मात्र सुवन्नमच्छेचा रीतसर मुलगा. बापाला तो ओळखत नाही. पुरावा म्हणून हनुमान जांभई देतो, तोंडातून चंद्र आणि तारे बाहेर पडतात आणि पोरगं पाया पडतं. बापलेकाची ओळख पटवण्याची याहून लोभस युक्ती मला ठाऊक नाही.

शुद्धतावादी इथे नाक मुरडतात, आणि त्यांचंही खरं आहे. दमट हवेने रंग सोलवटतो, म्हणून भिंत पुन्हा पुन्हा रंगवली गेली: तिसऱ्या रामा राजाच्या काळात, मग राजधानीच्या शताब्दीला 1882 मध्ये, 1932 मध्ये, 1982 मध्ये. वाटेत पाश्चात्त्य छायाप्रकाश आणि खोलीचा आभास शिरला. काही आकाशं तर सरळ विलायती आहेत. मला ती खटकतात, पण वानरं कुणी बिघडवलेली नाहीत.

मुख्य मंदिरातल्या पाचूच्या म्हणवल्या जाणाऱ्या बुद्धाचा दगड पाचू नव्हे. मूर्ती अवघी 66 सेंटिमीटरची, सोन्याच्या उंच मखरात इतकी वर की नजरेला चढावं लागतं. तिचे तीन ऋतूंचे तीन पोशाख आहेत आणि ते राजाच बदलतो. बाहेर आलं की चक्री महाप्रासाद. खाली युरोपीय महाल, वर थाई शिखरं. 1882 साली तो पुरा झाला. आराखड्यात घुमट होते. माजी राजप्रतिनिधीने आग्रह धरला म्हणून शिखरं चढली. फिरंग्याने नाटकातला मुकुट घातलाय, असं थाई लोकच म्हणतात. घुमट असते तर त्याच्याकडे कुणी दोनदा पाहिलं नसतं.

राजवाड्याबाहेर, वाट फो देवळातला 46 मीटर लांबीचा निजलेला बुद्ध सगळे बघतात, त्यावर वेगळं काय लिहायचं? तळपायांवरचं शिंपल्यांचं जडावकाम मात्र जवळ जाऊन बघावं.

वाट अरुण या देवळाच्या मनोऱ्यावर फुलं आहेत ती चिनी मातीच्या भांड्यांच्या तुकड्यांची. एका पाकळीत बशीचा काठ ओळखू येतो, दुसरीत वाडग्यावरची निळी नक्षी. टप्प्याटप्प्यांवर राक्षसांच्या आणि वानरांच्या रांगा हात वर करून अख्खा डोलारा पेलतात. ओवरीच्या कोपऱ्यांतली मंडळी इथे थेट कामाला लागली आहेत. नदीच्या पलीकडच्या तीरावरून यातलं काहीच दिसत नाही, आणि कित्येक सहलींत वाट अरुण दाखवलं जातं ते बोटीतूनच.